दोन सळयांमधला छर्रा

"एकदा बसवलंस ना, की परत उघडून बघायचं नाही. परत बघतो, त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो."

बापाचा हा आवाज मुलाच्या कानात लहानपणापासून मुरलेला होता, नखांतल्या काळ्या तेलासारखा. कितीही घासा, जात नाही. आणि त्याच आवाजातलं दुसरं वाक्य त्याहून खोल. मिसरूड फुटत होतं तेव्हाचं. त्याने एकट्याने केलेला पहिला क्लच आवळूनही सुटला नाही, गाडी ओढतच राहिली, आणि बाप भरल्या दुकानात म्हणाला, "तुझ्या हाताला जीव नाही रे. तू आपला पंक्चर काढत बस."

तो पंक्चर काढत बसला. बरीच वर्षं.

आता दुकान त्याचं होतं. बापाला सगळे अजून उस्तादच म्हणत, पण उस्तादाची बोटं आता वाऱ्यातल्या पानासारखी हलायची.

सकाळी पाववाला मोटारसायकल ढकलतच घेऊन आला. मागे रिकाम्या पेट्या खडखडत होत्या.

"उस्ताद, काय करून ठेवलंत हो? क्लच मुठीत गच्च आवळलाय, तरी गाडी पुढे ओढतेच. चौकात एका बाईंच्या टाचेवर चढता चढता राहिलो. शिव्या तरी किती दिल्या! न्यूट्रल तर हरवल्यासारखा झालाय."

कालच म्हाताऱ्याने त्या गाडीत क्लचच्या नव्या प्लेटा टाकल्या होत्या. मुलगा स्टुलावर बसून सावकाश चहा पीत होता.

"घ्या. उस्तादांची कारागिरी," तो म्हणाला. "आणि पाववाल्यासमोरच सांगतो. आज ही गाडी झाली नाही, तर उद्यापासून पान्याला हात लावायचा नाही. आत बसायचं, रेडिओ ऐकायचा."

म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिलं. खिळ्यांवर पाने टांगलेले, आणि प्रत्येकामागे त्याची आकृती रंगवलेली. त्यानेच, लग्नाच्या साली.

"नाही झाली तर ते सगळे तुझे," तो म्हणाला.

त्याने केबलची ढिलाई काढली. ॲडजस्टरचा स्क्रू पार शेवटाला नेला. गाडी स्टँडवर घेतली, पहिला गिअर टाकला, क्लच आवळला. मागचं चाक गरागरा फिरतच राहिलं.

"चाक रुसलंय तुमच्यावर," पाववाला हसला.

मग इंजिनाचं झाकण उघडलं. तेल ताटलीत उतरलं, मधासारखं, घाई न करता. त्याने एकेक प्लेट आरशाच्या तुकड्यावर ठेवून बोटाने दाबून पाहिली. वाकडी असती तर डुगडुगली असती. एकही डुगडुगली नाही. प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या खाचा करंगळीने चाचपल्या. आईने बाळाच्या हिरड्या चाचपाव्यात तशा. कुठे दात नव्हता, खड्डा नव्हता.

"प्लेटा तेलात भिजवल्या होत्या का?" मुलाने विचारलं. "की विसरलात? जेवलात की नाही तेही हल्ली तुम्हाला विचारावं लागतं."

"भिजवल्या होत्या."

परत जोडताना एक स्प्रिंग त्याच्या बोटांतून निसटली आणि घरंगळत स्टुलापाशी गेली. मुलाने तिच्यावर बूट ठेवला.

"शोधा."

म्हातारा गुडघ्यांवर बसला. बाकाखाली हात फिरवला, टायरांमागे फिरवला. पाववाला आधी हसला, मग त्याचं हसू आपोआप विझलं. तो पेट्यांची दोरी उगाच सोडून बांधू लागला.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. पडद्याआड आई शर्टाला बटणं लावत बसली होती. काल तिने इथूनच पाहिलं होतं.

त्या गाडीत क्लचचा जोर एका पोकळ दांड्यातून जातो. आत दोन सळया, आणि दोन्हींच्या मध्ये पोलादाचा छर्रा, मटारच्या दाण्याएवढा. एक सळई छऱ्याला ढकलते, छर्रा दुसरीला, तेव्हा कुठे प्लेटा एकमेकींपासून सुटतात. छर्रा नसेल तर जोर तेवढाच तोकडा पडतो. काल म्हाताऱ्याने ग्रीसमध्ये बुडवून छर्रा आत बसवला आणि तो चष्मा आणायला आत आला. तेवढ्यात मुलाने चुंबकाच्या काडीने छर्रा बाहेर ओढला, पुसला, शर्टाच्या खिशात टाकला. म्हाताऱ्याने येऊन दुसरी सळई सारली आणि झाकण लावलं. प्लेटा तपासेल, पण दांड्यात स्वतः बसवलेला छर्रा तो परत बघणार नव्हता. कालही नाही, आजही नाही.

स्प्रिंग सापडेना. मुलाने बूट उचलला.

"ही काय. डोळेही गेले वाटतं." तो वाकला. "जमत नाही म्हणा. 'माझ्या हाताला जीव नाही' एवढं म्हणा, मग मी करतो."

म्हाताऱ्याने हात फडक्याला पुसले. पुसतच राहिला. भिंतीवरच्या पान्यांकडे बघत त्याने ओठ उघडले.

"माझ्या हाताला..."

पडदा सरकला. आई बटणांचा डबा घेऊन बाहेर आली. तिने डब्यात बोटं घातली, चाचपलं, आणि आरशावर काहीतरी ठेवलं. ते टिणकन वाजलं, घरंगळलं, प्लेटेला टेकून थांबलं.

"तुझ्या खिशातला राहू दे," ती मुलाला म्हणाली. मग नवऱ्याला, "अहो, हा घाला."

मुलाचा हात आपसूक खिशावर गेला. म्हातारा मुलाकडे बघतच नव्हता. आरशावरच्या छऱ्याकडे बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आत जा तू," तो बायकोला म्हणाला. "आत जा म्हणतो ना."

"हा कुठला?" मुलाने विचारलं.

"तुझ्या पहिल्या गाडीतला," आई म्हणाली. "तू हात धुवायला गेलास, तेव्हा यांनी काढला. गिऱ्हाईक म्हणालं होतं ना, पोराचा हात बापापेक्षा हलका आहे. दुसऱ्या दिवशी धुण्यात यांच्या शर्टातून पडला. मी बटणांत टाकला, आणि तोंड मिटलं." तिने डब्याचं झाकण लावलं. "तुझ्या हाताला जीव होता रे. फार होता. म्हणून तर काढला."