कोल्हारच्या वाटेवरची काकवी

सहादेवच्या घशात पहिला घास अडकला तो भातकापणीच्या दिवसांत. बांधावर बसून तो नागलीची भाकरी खात होता. घास मधेच थांबला, तेव्हा त्यानं छातीवर बुक्की मारली, वर तांब्याभर पाणी प्याला आणि पुन्हा विळा घेऊन वाफ्यात उतरला. बायकोनं, गोजरबाईनं विचारलं तर म्हणाला, "कोरडी व्हती भाकर."

भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. सहादेव पंचेचाळिशीचा, अंगानं आडवा, जेवायला बसला की वाढणारी दमायची. दिवाळी उलटेपर्यंत त्याची भाकरी सुटली. मग भात सुटला. मग गोजरबाई भात शिजवून, घोटून, फडक्यातून गाळून पेज द्यायला लागली. वैदूनं मुळी दिली, भगतानं अंगारा दिला. पौषात राजूरच्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं, नगरला जा.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण दोघांनी अकोले तालुक्याच्या खाली पाऊल टाकलं नव्हतं. मूल झालं नाही, तरी त्यासाठी कुठल्या देवालाही इतक्या लांब गेली नव्हती. सहादेवचा धाकटा भाऊ रंगनाथ सोबत यायला निघाला होता, पण ऐन वेळी त्याला ताप भरला. शेवटी दोघंच गेली.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस गेले. नळी घालून पाहिलं, फोटो काढले. पाचव्या दिवशी डॉक्टर व्हरांड्यात आले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "बरोबर पुरुष माणूस कोण आहे?"

"मीच हाय," गोजरबाई म्हणाली.

डॉक्टर थोडे घुटमळले. तरणेच होते. "अन्ननळीत गाठ आहे. फार पसरली आहे. मुंबईला नेलं तर तिथले लोक पाहतील, पण बाई, खोटं कशाला सांगू, आता उपयोग व्हायचा नाही. घरी न्या. गळ्याखाली उतरेल ते देत राहा."

"किती दीस?"

"दोन महिने. कदाचित तीन."

तिनं पदर तोंडाला लावला नाही. खाटेजवळ गेली आणि म्हणाली, "चला, सोडलंय घरला."

सहादेवनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. चपला पायात घालायला तो वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

संगमनेरच्या गाडीत गर्दी होती. कोल्हार मागं पडलं आणि थोड्याच वेळात इंजिनातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, झाकण उघडलं आणि पट्टा तुटल्याचं सांगितलं. कंडक्टर दुसऱ्या गाडीला हात करून पट्टा आणायला गेला. उतारू खाली उतरले. दोन्ही बाजूंना ऊस होता. डोंगरातल्या माणसाची नजर पोचणार नाही एवढा ऊस. आणि वाऱ्यावर एक वास येत होता.

"कशाचा गं वास ह्यो?" सहादेव म्हणाला. चार दिवसांत त्यानं आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गुऱ्हाळ होतं. बैल घाण्याभोवती फिरत होते. छपराखाली चुलवाण पेटलेलं, त्यावर माणूस मावेल एवढी काहील, आणि तिच्यात रस रटरटत होता. आणखी पाचसहा उतारू आधीच तिथं पोचले होते. कुणी रस पीत होतं, कुणी बोटानं ताजा गूळ चाटत होतं. मालक राधाकृष्ण घाण्यात ऊस सारत होता. त्यानं नुसतं "या, बसा" म्हटलं.

गूळ बनवणारा गुळव्या काहिलीपाशी उभा होता. साठीचा, काटकुळा, दाढी पांढरी, वाफेनं डोळे लाल झालेले. नूरमहंमद त्याचं नाव. त्यानं दोघांपुढं गुळाचा तुकडा धरला. सहादेवनं हात हलवून नको म्हटलं.

"घ्या की पाव्हणं. ताजा हाय."

"त्यांला उतरत न्हाई काई," गोजरबाई म्हणाली.

नूरमहंमदनं सहादेवच्या गळ्याकडं पाहिलं, मग खांद्याच्या हाडांकडं. हातातला झारा खाली ठेवला. "किती दीस झालं?"

"तीन महिनं. बारा दिसांपून निस्तं पानी."

लांब दांड्याच्या पळीनं नूरमहंमदनं काहिलीतली काकवी काढली, अजून घट्ट न झालेली, मधाच्या रंगाची. ती फडक्यातून पितळी वाटीत गाळली. वर आल्याच्या तुकड्याचा रस पिळला. मग थंड पाण्याच्या घमेल्यात वाटी ठेवून ती बोटानं फिरवत बसला. पलीकडं राधाकृष्णनं हाक मारली, "अवो चाचा, पाक चढतोय!"

"चढू द्या जरा. चुलवाणातलं चिपाड वढा भाईर," नूरमहंमद म्हणाला. जागचा उठला नाही.

वाटी कोमट झाल्यावर ती सहादेवच्या हातात देऊन तो समोर उकिडवा बसला. "घाई करायची न्हाई. गिळायचं म्हनून गिळू नका. जिभंवर धरा. ती आपसूक जातीया."

सहादेवनं घोट घेतला. डोळे मिटले. गोजरबाई त्याच्या गळ्याकडं बघत उभी होती. आता ठसका लागणार, आता तो वाकणार, आता नाकातून येणार. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, खाली आली. काहीच झालं नाही.

"उतरली?" नूरमहंमदनं विचारलं.

सहादेवनं डोळे उघडले नाहीत. दुसरा घोट घेतला. मग तिसरा. एवढीशी वाटी, पण संपायला अर्धा तास लागला. शेवटी त्यानं बोट आत फिरवून चाटलं. मग त्याच्या तोंडातून विचित्र आवाज यायला लागला. गोजरबाईला वाटलं घुसमटला. पण तो रडत होता, लोकांच्या देखत, हुंदके देऊन.

"असं काय खाल्लंच नव्हतं गं मी," तो म्हणाला. "असं असतंय व्हय?"

रस्त्यावरून गाडीचा भोंगा वाजला. नूरमहंमदनं घाईघाईनं एक रिकामी बाटली धुतली आणि पलीकडच्या मडक्यातली घट्ट काकवी तिच्यात ओतली. "ही टिकंल. देताना ऊन पानी घाला, चमच्याला चार चमचं." गोजरबाई कनवटीला हात घालायला लागली तर राधाकृष्णच ओरडला, "ओ बाई, ऱ्हाऊ द्या, गाडी चाललीया!"

संगमनेरपर्यंत सहादेव तिच्या खांद्याला टेकून झोपला. जागा झाल्यावर म्हणाला, "डॉक्टरला काय कळतंय? वाट मोकळी झाली बघ."

तिनं हो म्हटलं. तेवढा वेळ तिलाही तसंच वाटत होतं.

वाडीवर आल्यावर पहिले आठ दिवस तो अंगणात येऊन बसायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला गुऱ्हाळाचं सांगायचा. काहील केवढी, रंग कसा, वाटी कशी पाण्यात फिरवली. ऐकणाऱ्यांना गूळ माहीत होता, ते माना हलवत. गोजरबाई सकाळ-दुपार-संध्याकाळ चमचा मोजून काढायची, ऊन पाणी घालायची. महिनाभर तो त्यावरच जगला. मग वाटी लागायची तिथं अर्धी पुरायला लागली. मग चार चमचे. आवाज बसला, नुसती कुजबूज उरली. बाटली मात्र तरीही तळाला आली.

होळी होऊन चार दिवस झाले होते. सहादेवनं बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि तिच्याकडं पाहिलं. मागितलं नाही. तिला ते सोसलं नाही.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

रंगनाथनं हरकत घेतली. "वयनी, हितं दादाचं असं, आन तू कुठं एकली वनवन करतीस? म्या जातो."

"तुला त्यो मानूस ठावं न्हाई. मला वळखंल त्यो." तिनं नव्या तांदळाचं गठुडं बांधलं, जाऊ मुक्ताबाईला चमच्यानं पाणी कसं द्यायचं ते दोनदा दाखवलं आणि पहाटेच्या गाडीनं निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी गाडीत बसली होती.

कोल्हारच्या अलीकडं ती उतरली. रस्ता ओळखला, पण दोन्ही बाजूंचा ऊस गेला होता. नुसती खोडकी उरली होती. छपराखाली काहील पालथी घातलेली, चुलवाणाच्या राखेत कुत्रं झोपलेलं. राधाकृष्णची बायको भांडी घासत होती. ती म्हणाली, "आमचं गुऱ्हाळ शिवरात्रीलाच उठलं. चाचा कोपरगावाकडं गेल्यात, गोदावरीच्या काठाला. तिकडं अजून हाय थोडा ऊस."

गोजरबाई तशीच रस्त्यावर आली आणि मिळेल त्या गाडीनं कोपरगावला गेली. रात्र तिनं स्टँडवर काढली. सकाळी विचारत विचारत नदीकाठानं चालत निघाली. धूर दिसला की तिकडं वळायची. तिसऱ्या गुऱ्हाळावर नूरमहंमद भेटला.

त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं बाटली पुढं केली, तेव्हा ओळखलं.

"पाव्हणं हायेत?"

"हायेत. वाट बघत्यात."

"पानी उतरतंय?"

"चमच्यानं."

नूरमहंमद काहिलीकडं वळला. बराच वेळ मळी काढत राहिला, काढण्यासारखी मळी उरली नव्हती तरी. मग पाठमोराच म्हणाला, "तवासारखी व्हायची न्हाई बाई. ऊस जून झालाय. खारट मारंल जरा."

"चालंल."

"माजा बाप आसाच गेला," तो म्हणाला आणि पळी उचलली.

त्यानं तीनदा गाळून बाटली भरली. तांदूळ घ्यायला तो तयार नव्हता. गोजरबाईनं गठुडं त्याच्या पायाशी ठेवलं आणि वळली. मागून त्यानं काहीतरी म्हटलं, दुवा दिल्यासारखं, ते तिला नीट ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती वाडीवर पोचली. मुक्ताबाई दारातच भेटली. "कालपून पानी बी जाईना, बाई. समदं भाईर येतंय."

सहादेव पडवीत खाटेवर होता. तीन दिवसांत केवढासा झाला होता. तिला बघितल्यावर त्याची नजर आधी तिच्या हाताकडं गेली. तिनं चूल पेटवली, पाणी तापवलं, काकवी कालवली, फुंकर घालून कोमट केली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक चमचा ओठांतून सोडला. तो वाट बघत राहिला. तीही. काकवी जिभेवरच राहिली, मग ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून दाढीच्या खुंटांत गेली. तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा दिली. ह्या वेळी ठसका लागला, सगळं अंग वाकलं, आणि काकवी नाकातून आली.

तिसऱ्यांदा तिनं चमचा उचलला, तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं. चमचा तिच्याच तोंडाकडं वळवला.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आनलीया."

त्यानं मान हलवली. ओठ हलले. तिनं कान जवळ नेला. "खा. बघू दे."

गोजरबाईनं आजवर काकवी चाखली नव्हती. थेंबही वाया जाऊ नये म्हणून चमचासुद्धा ती पाण्यात विसळून ते पाणी त्याला द्यायची. आता तिनं चमचा तोंडात घातला. जरा खारट होती. पण एवढं चांगलं तिनं जन्मात काही खाल्लं नव्हतं, आणि तीन दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिच्या तोंडाला आपोआप पाणी सुटलं. त्याची तिला शरम वाटली. सहादेव तिच्या गळ्याकडं बघत होता. त्यानं बोट उचललं: अजून.

तिनं दुसरा चमचा खाल्ला. तिसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तोंडात जात होतं, आणि ती गिळत होती. चौथा चमचा तोंडात असताना त्यानं मान फिरवली आणि तोंड भिंतीकडं केलं.

"अवं," तिनं हाक मारली. "अवं, बगा की हिकडं."

त्यानं तोंड वळवलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. मधल्या दिवसांत तिनं दोनदा विचारायचा प्रयत्न केला, त्या दुपारी काय झालं, मी खाल्लेलं बरं वाटलं का वाईट वाटलं. पण तो डोळेच उघडत नव्हता. रंगनाथ म्हणाला, दादाचं मन भरलं आसंल. गोजरबाईला बरं आणि वाईट दोन्ही खरं वाटायचं, आणि दोन्हीमुळं झोप यायची नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. बाटलीला ओला चमचा लागला होता, त्यामुळं आतली काकवी आंबली. एका दुपारी बूच उडालं आणि फेस कोनाड्यातून खाली भिंतीवर आला. भिंतीला मुंग्या लागल्या. गोजरबाईनं बाटली घरामागच्या उकिरड्यावर रिकामी केली, राखेनं घासून धुतली. बाटली चांगली होती. घरात रॉकेलला बाटली नव्हती, म्हणून तिनं तिच्यात रॉकेल भरलं.

भाताच्या आवणीच्या दिवसांत ती रंगनाथच्या बरोबर वाफ्यात उतरली. दुपारी बांधावर सगळे भाकरीला बसले. तिनं घास तोडला, तोंडात घातला आणि चावत राहिली. तो गिळायला तिला फार वेळ लागला.