आत्याच्या आंघोळीची पाळी

थंडी पडली की आमच्या गावात प्रत्येक घरातला एक नळ बारीक सोडून ठेवतात, तो थेट बर्फ वितळेपर्यंत. पाणी वाहतं राहिलं की पाइप गोठत नाही. आजोबांच्या काळापासूनची ही सवय, आणि नेमकी तीच माझ्या नव्या सांडपाणी केंद्राच्या मुळावर उठली होती!

केंद्र मी चालवते. टाकीतले जिवाणू घाण खातात, मग स्वच्छ झालेलं पाणी तळ्यात सोडायचं. पण गावभरच्या त्या गार धारा टाकीत आल्या, बिचारे जिवाणू गारठले आणि त्यांनी खाणंच सोडलं. पाण्यात घाणीतला अमोनिया चढत चालला. महिनाअखेरीला पाण्याचा नमुना विमानाने शहरात जाणार होता. तो नापास झाला, तर तळ्यावरची मासेमारी यंदाही बंद, आणि गोठलेल्या तळ्यावरची गळाची स्पर्धाही रद्द. माझी मर्टल आत्या ऐंशीच्या पुढची. तळं घाण झालं तेव्हापासून या स्पर्धेसाठी तिचा जीव टांगणीला लागलेला. गळ तर तिने दाराशीच काढून ठेवला होता.

मी तडक गावच्या रेडिओवर गेले. "नळ बंद करा सगळ्यांनी!" म्हटलं. फोन खणखणायला लागले, आणि प्रत्येक फोन थेट रेडिओवर ऐकू जात होता.

"डार्लीन, तुझे किडे गारठले म्हणून आम्ही पाइप फोडून घ्यायचे होय?" दुकानवाला गॉर्डन ओरडला.

"त्यांना स्वेटर विण की!" दुसरा एक खिदळला.

माझं डोकं असं तापलं, की त्यावर टाकी ऊन झाली असती. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"गप्प बसा रे मेल्यांनो! धार बंद करायची आणि पाळीपाळीने गरम पाणी सोडायचं. आंघोळी करा, कपडे धुवा. पाइपही गोठणार नाहीत, किडेही शेकतील. पाळ्या मी सांगते. आणि ब्लीच वापराल तर खबरदार, किडे मरतील!"

दुसऱ्या दिवसापासून बाई रेडिओवर ठाण मांडून बसली. "चर्चमागची गल्ली, उठा! मी आत्ताच न्हाऊन आलेय, तुम्हाला काय धाड भरलीय? गॉर्डन, तू दोनदा कर, तुला गरज आहे." गाव हसत हसत न्हायला लागलं. इकडे मी टाकीवर वाकून बघत होते, पारा चढतोय! पाण्यावर तपकिरी फेस धरला, ओल्या मातीचा वास सुटला. जिवाणू जेवायला बसले होते! मी एकटीच तिथे नाचले, बूट घालून.

नमुना गेला. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शहरातून फोन आला, पास! रेडिओवर सांगताना माझा आवाज फाटला. गावात गाड्यांचे भोंगे थांबेचनात.

सकाळी आत्याला न्यायला गेले. शेगडीवर मोठ्या पातेल्यात बर्फ वितळत होता. मी नळ फिरवला. कोरडा ठाक!

"आत्या, हे कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी गोठला. आमच्या गल्लीच्या पाळीला मी तिकडे रेडिओवर. इथे गरम पाणी सोडणार कोण?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर? मर्टलचा पाइप गोठला म्हणून सगळ्यांनी धारा पुन्हा सोडल्या असत्या. मग कसलं तळं नि कसली स्पर्धा!"

"आणि रोज ठणकावून सांगत होतीस, मी न्हाऊन आलेय!"

"मग? रेडिओवरून वास येतो का?" तिने गळ खांद्यावर टाकला. "चल आता, तळ्यातले पिकरेल मासे काय माझी वाट बघत बसणारेत?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. मी तिला घट्ट मिठी मारली. वास येत होता खरा. मी सोडलं नाही.