डोक्याला डोकं

मी ऊ बोलतेय. तुमचा हात आत्ता आपोआप डोक्याकडे गेला, ठाऊक आहे मला. खाजवून घ्या एकदाचं, मग ऐका.

ज्या घरात मी शेवटचे दिवस काढले, त्या घरातल्या आईला झोप लागत नसे. त्याला कारण मी नव्हते. माझा तर तिला पत्ताही नव्हता. पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, आईचा हात तिच्या केसांवर, म्हणजे जवळजवळ माझ्याच पाठीवर, आणि आई नवऱ्याला विचारायची, "नव्या शाळेत हिच्याजवळ कोणी बसत असेल का रे?"

"अगं, महिनाच झालाय. बसेल कोणीतरी."

"रोज विचारते, आज कोणाशी बोललीस? रोज एकच उत्तर. कोणाशी नाही."

"माझ्यावर गेली असेल."

"मग तर झालंच! तुला मित्रसुद्धा मीच आणून दिलेत."

तो हसायचा आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचा. ती पुटपुटत राहायची. घर बदलायलाच नको होतं. पोरीला माणसांत मिसळायला आपणच शिकवलं नाही. की जरा जास्तच शिकवायला गेलो?

उत्तर माझ्याकडे होतं. पण उवेला विचारतंय कोण!

माझा जन्म दुसऱ्याच एका डोक्यात झाला. दाट, कुरळं रान होतं ते. माझ्या आईने माझी लीख केसाच्या अगदी मुळाशी चिकटवली होती, कारण उबेशिवाय आमचं पिल्लू जगत नाही. आणि चिकटवली तरी कशी! धुऊन निघणार नाही, पुसून निघणार नाही. मुलांना असं चिकटवून ठेवता येतं, म्हणून आमच्या आया निर्धास्त. माणसांच्या आयांना ती सोय नाही. त्यांना मुलं शाळेच्या दारात सोडून परत फिरावं लागतं.

आमचं घराणं जुनं आहे बरं का. तुम्ही कपडे घालायला लागलात, तेव्हा आमच्या भावकीतल्या काहीजणी कपड्यांत राहायला गेल्या. आम्ही डोकं सोडलं नाही. एक केस नेमका मावेल एवढी आकडी आमच्या पायाला आहे, ती तुमच्या केसांनी घडवली. आमच्यातल्या ज्या मंद होत्या त्या तुमच्या नखांखाली गेल्या. उरल्या त्या चपळ. वाघ असतो ना हरणांमागे, तशी तुमची बोटं आमच्यामागे. आणि आम्ही तुम्हाला काय दिलं? खाज दिली, रक्त प्यायलं, उपकार केले असं मुळीच म्हणत नाही. पण एकीने पुढ्यात बसायचं आणि दुसरीने तिच्या केसांतून तासभर बोटं फिरवायची, ही बैठक आमच्यामुळे मोडली नाही, एवढं मात्र म्हणेन.

तर मी इकडे कशी आले ते सांगते. आम्हाला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. दोन डोकी टेकली आणि टेकलेली राहिली, तरच चालत पलीकडे जाता येतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागच्या पायरीखाली कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकली होती. जिच्या डोक्यात मी जन्मले ती कुरळी ओणवी होऊन बघत होती. ही नवी पोरगी आली आणि एक शब्द न बोलता शेजारी ओणवी झाली. कोळी धावला. माशीला गोल गोल फिरवून गुंडाळायला लागला. दोघी आणखी पुढे झुकल्या, कपाळाला कपाळ लागलं. मी निघाले. कोळी, दोन पोरी आणि मी. त्या पायरीशी जो तो भुकेला होता, कोण कशाचा ते वेगळं.

दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच. तिसऱ्याही दिवशी. तोंडातून चकार शब्द नाही.

मग पोरगी खाजवायला लागली. आज सकाळी वेणी घालताना आईचा कंगवा थबकला. "अगंबाई! हे काय? कोणाच्या डोक्याला डोकं लावलंस? आजपासून सगळ्यांपासून लांब बसायचं. कळलं?"

पोरीने मान हलवली. मी आत हेलपाटले.

शाळा सुटल्यावर आई तिला घेऊन औषधांच्या दुकानात गेली. हळूच म्हणाली, "ते... डोक्यासाठीचं हवं होतं."

"कोंडा?"

"नाही, ते..."

"उवा!" दुकानातल्या बाईंनी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं. "अहो, लाजताय काय! ऊ काय वाऱ्यावर येते? डोक्याला डोकं बराच वेळ लागलं तर येते. पोरीची कोणीतरी घट्ट मैत्रीण दिसतेय."

आई बाटली हातात धरून तशीच उभी. शेवटी मागचा माणूस म्हणाला, "ताई, जरा सरकता का?"

आता आम्ही न्हाणीघरात आहोत. पोरगी स्टुलावर, केस ओले, आई मागे. बारीक दातांच्या फणीने मला नुकतंच पांढऱ्या टॉवेलवर आणून टाकलंय.

"बाळा, तुझ्याजवळ कोण बसतं गं?"

"कुरळी."

"मग मी रोज विचारते, तेव्हा कोणाशी नाही म्हणतेस ते?"

"तू विचारतेस, कोणाशी बोललीस. आम्ही बोलत नाही. आम्ही कोळी बघतो."

आईने फणी खाली ठेवली आणि पोरीच्या ओल्या डोक्यावर गाल टेकवला. त्या डोक्यात माझ्या मागोमाग आलेल्या निदान चार बहिणी अजून आहेत, पण आत्ता तिला कोण सांगणार? "सकाळी मी लांब बस म्हटलं ना," ती म्हणाली, "ते चुकलं माझं."

मी उताणी पडलेय. अंगठ्याचं नख वीतभर अंतरावर आहे. मला सोडा, असं मी म्हणणार नाही. ऊ दयेवर जगत नाही. आम्हाला खुशाल वेचून काढा. फक्त आम्ही ज्या वाटेने आलो, तिच्यावर कुंपण घालू नका.

पोरीचं लक्ष माझ्याकडे नाहीच. ती बाटलीकडे बघतेय.

"आई, सगळं संपवू नकोस," ती म्हणाली. "अर्धं कुरळीला देऊ. नाहीतर तिची आई पण सांगेल, लांब बस."