खताच्या ढिगातली अंडी

हौस अरबाबाच्या मुलाची आणि वाटोळं माझ्या संसाराचं. कोणी म्हणेल, मैमुनाबी, एवढं काय जिवाला लावून घेतेस. घेणारच. उमेदीची सगळी वर्षं मी रत्नागिरीत सासूचे पाय चेपत काढली, आणि हे तिकडे आखातात, रास अल खैमाला मजऱ्यावर, म्हणजे खजुराच्या बागेवर, राखणीला. अठ्ठ्याण्णव साली मालकानं, त्या अरबाबानं, फॅमिली व्हिसा दिला, तेव्हा कुठे मी आणि आमची लहानगी रुखसार तिथं पोचलो. पंपाच्या खोलीमागं दोन खोल्यांचं घर. मला तो राजवाडा होता.

हे अबोल माणूस. प्रेम तोंडानं कधी बोलणार नाहीत. एकदा मी सहज म्हटलं, इथं नुसती वाळू, जरा अळू तरी लावलं असतं. झालं. लगेच यांनी बागेच्या कडेला खताचा ढीग घालायला घेतला, अगदी आपल्या कोकणात घालतात तसा. बकऱ्यांच्या लेंड्या, झावळ्या, घरातला कचरा, थरावर थर, वरून रोज पाणी. बकऱ्या राखणारा पठाण रफिक हसायचा. तिथं झावळ्या वाळवून जाळतात, सडवत कोण बसतो? पण त्या खतावर माझं अळू आलं, पडवळ आलं. पहिल्यांदा अळूची भाजी केली त्या दिवशी हे दोनदा वाढून घेऊन जेवले.

अरबाबाच्या मुलानं कुठूनसे दोन अजगर पाळायला आणले होते. आणले तेव्हा हाताएवढे, मग मांडीएवढे झाले तसा त्याचा जीव कंटाळला. गाडीत घालून आणले आणि बागेतल्या पाटाशी सोडून गेला. आम्हाला सांगायची तसदीही घेतली नाही. उन्हात मरतील असं वाटलं असेल मेल्याला. बागेत बारमाही पाणी, उंदीर हवे तेवढे, मरतात कशाला?

बकऱ्या कमी व्हायला लागल्या. रफिक कोल्ह्याला शिव्या देत राहिला. मग एका सकाळी मी बाहेर आले तर गोठ्याच्या भिंतीशी एक अजगर पसरलेला, पोट फुगून टम्म, हलत नव्हता. रुखसार त्याला हात लावायला वाकली होती. वेणी धरून पोरीला मागं खेचली.

यांनी आणि रफिकनं ओलं गोणपाट त्याच्या डोक्यावर टाकून त्याला फावड्यानं मारला. अरबाब आला. तेव्हा कुठे मुलानं दुसराही आहे म्हणून कबूल केलं. अरबाब यांना म्हणाला की बाग साफ होईपर्यंत बाई आणि मूल इथं नको, पोरीला काही झालं तर मी अल्लाला काय तोंड दाखवू. त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. यांनी हात जोडून ईदेपर्यंतची मुदत मागितली. तोवर बाग साफ झाली तर आम्ही राहायचं, नाहीतर रत्नागिरी.

माझा जीव टांगणीला लागला. हे पंपाची खोली, विहीर, एकेक झाडाचा बुंधा धुंडाळत होते. रुखसारला मी घरात कोंडून ठेवलं होतं. काही म्हणता काही सापडेना. ईद तोंडावर आली तेव्हा अळूला खत काढायला म्हणून यांनी ढिगात कुदळ घातली, आणि आतून दुसरा अजगर निघाला, मादी. त्या सगळ्या मुलखात ओली, उबदार, मऊ अशी एकच जागा होती, आणि ती यांनी माझ्यासाठी केली होती.

मादी मारली. मी तिथंच अल्लाचा शुक्र मानला, रडले, हसले. हे मात्र खाली बसून ढीग उकरत राहिले. त्यांच्या हातात पांढरी, चामड्यासारखी टरफलं आली. एकाला एक चिकटलेली, आणि सगळी फाटलेली. आत काही नव्हतं. पिल्लं केव्हाच पाटानं खाली निघून गेली होती.

"पुरून टाका," मी म्हटलं. "कोणी बघितलं नाही. बाग साफ झाली म्हणून सांगा."

"पाटाच्या खाली वस्ती आहे, मैमुना. तिथली पोरं पाण्यात खेळतात."

"आणि आपली पोर?"

"तीपण," म्हणाले.

मी नाही नाही ते बोलले. माणूस आहात की दगड, इथवर गेले. यांनी टरफलं गोणपाटात गुंडाळली आणि अरबाबाच्या बैठकीत नेऊन ठेवली. परत येऊन ढिगावर रॉकेल ओतलं आणि पेटवला. वाफ्यातलं अळूही त्यात करपलं. ईद आम्ही मायलेकींनी रत्नागिरीत केली.

त्याला आता चार वर्षं होतील. शुक्रवारी यांचा फोन येतो. पिल्लं डोंगराच्या ओढ्यांत जाऊन मोठी झाली, आणि अजगर दिसला की लोक यांनाच बोलावतात. मी विचारते, संपले का? हे म्हणतात, इन्शाल्ला. रुखसारनं विचारायचं सोडून दिलं आहे.

गेल्या रजेत आले तेव्हा परसातला खताचा ढीग यांनी काठीनं खालपर्यंत उपसून बघितला. मग पुन्हा नीट थर लावले, वर पाणी मारलं. परत निघायच्या दिवशी म्हणाले, "यंदा अळू छान येईल बघ." मी मान डोलावली. अळू लावायचं मी केव्हाच सोडलंय, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.