डाव्या अंगाचा पोचा

कारखान्याच्या पाठीमागच्या दालनात एक जुनी मोटारसायकल भिंतीला टेकून उभी असे. तिला दिवा नव्हता, आरसा नव्हता, पुढच्या चाकाला ब्रेकही नव्हता. कारण ती रस्त्यासाठी जन्मलीच नव्हती. सपाट मातीच्या वर्तुळाकार धावपट्टीवर, सदैव डावीकडे वळत, मागचे चाक घसरवीत धावावे, एवढाच तिचा धर्म. काकांनी ती घडविली आणि त्यांच्या थोरल्या भावाने ती शर्यतीत चालविली. शेजारच्या खुंटीवर डाव्या बुटाखाली बांधायचा पोलादी तळवा टांगलेला होता. वळणावळणाला मातीवर घासून तो पानासारखा पातळ झाला होता.

थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची आईवेगळी कन्या रांगत होती. काका-काकूंनी तिला वाढविले. एका जागी ठरेना म्हणून तिला भिंगरी म्हणत. पुढे ती अभियंता झाली, कारखाना तिने हाती घेतला, तरी ते नाव सुटले नाही. बाबा शर्यतीत गेले, इतके तिला ठाऊक होते. त्यापुढे काका बोलत नसत आणि ती विचारीत नसे. ज्या गाडीवरून ते पडले ती केव्हाच मोडीत गेली असावी, असे तिने मनाशी धरले होते.

त्या जुन्या गाडीच्या रूपावरून तिने आता रस्त्यावर चालणारी नवी गाडी सिद्ध केली होती. तेच रुंद हँडल, तीच सडपातळ बैठक. वाद झाला तो ब्रेकवरून. पुढच्या चाकाला काकांना दोन हवे होते. तिच्या मते एकही पुष्कळ होता. ही मोटारसायकल आहे की नांगर टाकलेले जहाज, असे तिने विचारले. काका हसले आणि दोन बसवून घेतले. ह्यांना गाडी पळण्यापेक्षा थांबण्याचेच कौतुक अधिक, असा शेरा काकूंनी मारला.

उरली होती पेट्रोलची टाकी. काकांनी होकार दिला की तिचा साचा घडवायला जायचा, आणि मग पुढची प्रत्येक टाकी तशीच निघायची. रंग न दिलेली, तळ अजून न जोडलेली ती टाकी भिंगरीने काकांपुढे ठेवली. काकांची दृष्टी मंदावली होती. पत्र्याची परीक्षा ते तळहाताने करीत. हात उजव्या अंगावरून सावकाश फिरला, माथा ओलांडून डावीकडे उतरला आणि थबकला.

तिथे एक उथळ खळगा होता. भिंगरीने अभिमानाने सांगितले की जुन्या टाकीवर ओली माती दाबून तिने त्याचे माप घेतले होते. स्वाराच्या गुडघ्यासाठी काकांनी केलेली ही युक्ती म्हणजे आपल्या घराण्याची खूण. ती प्रत्येक गाडीवर असायला हवी.

काका स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.

"हा मी घडवला नाही, भिंगरी. पोचा आहे तो."

भिंगरीने वळून भिंतीला टेकलेल्या जुन्या गाडीकडे पाहिले.

"दादा वळणावर घसरला. मागून येणाऱ्याचं चाक टाकीवर आलं आणि त्याच्यावरही. त्या पोराला थांबता आलं नाही. पुढचा ब्रेक कुणाच्याच गाडीला नसायचा, नियमच तसा होता. त्याचा काय दोष?" ते पुढे म्हणाले, "नंतर मी हँडल सरळ केलं, चाकं सरळ केली. इथं ठोकायला मोगरी उचलवली नाही."

भिंगरीने आपला हात त्यांच्या हाताशेजारी, त्या खळग्यात ठेवला. मग ती उठली. कपाटातून वाळूची पिशवी आणि लाकडी मोगरी आणली, टाकी डाव्या अंगावर पिशवीवर निजवली आणि उघड्या तळातून हात आत घातला.

"हा विकायचा नाही, काका. तुम्ही फक्त हात लावून सांगा."

ती आतून हलके ठोके देई. काका टाकी उलटवून तळहात फिरवीत आणि मान हलवीत. पुन्हा ठोके, पुन्हा हात. काकू जेवायला बोलवायला दारापर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

शेवटी काकांचा हात उजवीकडून निघाला, माथ्यावरून डावीकडे उतरला आणि कुठेही थांबला नाही.

"आता साचा करायला दे," ते म्हणाले. जुन्या टाकीचे काय करायचे, हे तिने विचारले. ती आहे तशी राहू दे, असे त्यांनी सांगितले.

भिंगरीने खुंटीवरचा पोलादी तळवा प्रथमच हाती घेतला आणि आपल्या पावलाशी लावून पाहिला.

"बाबांचा पाय एवढा मोठा होता?"

"छे गं. बूट माझे घालायचा," काका म्हणाले, "पुढे कापूस कोंबून."