नीट गुंडाळलेली दोरी

आमच्या भावोजींना पसारा म्हणून बघवत नाही. ताईच्या घरी कात्रीसुद्धा ठरल्या खिळ्यालाच लटकते, आणि तिला नि पोरांना घेऊन आमच्याकडे चार दिवस राहायला आले की आमचाही उद्धार होतो. तलावावर आमच्या भाड्याच्या होड्या आहेत. बुडणाऱ्याला फेकायची दोरी बाबा धक्क्यावर एका पिशवीत ठेवतात, मूठमूठ करत कशीबशी कोंबलेली. मलाही तो त्यांचा आळसच वाटायचा.

"बाबा, दोरी आहे की धुणं?" असं म्हणत सकाळी भावोजींनी ती बाहेर काढली, एकसारखी वेटोळी केली आणि खुंटीला टांगली. दिसायला मात्र झकास.

दुपारी तेच भावोजी एकटे होडी घेऊन गेले. वल्हं निसटलं, ते धरायला उभे राहिले आणि धपकन पाण्यात पडले. पोहण्याच्या नावाने शून्य. जॅकेट अंगात होतं, पण बक्कल लावलं नव्हतं. जॅकेट वर तरंगत राहिलं आणि माणूस खाली.

ताई किंचाळली. दोरीचं एक टोक मी धरलं, बाबांनी सगळं बळ लावून वेटोळी फेकली. पुढे जे झालं त्यावर माझा विश्वासच बसेना. हवेतच वेटोळ्यात वेटोळं घुसलं आणि अर्ध्या वाटेत नुसता गाठींचा गठ्ठा पडला. एकही गाठ कुणी मारलेली नव्हती! मी वेड्यासारखे हिसके देत सुटलो, तसतशा त्या आणखी आवळल्या.

"ओढू नकोस!" बाबा ओरडले आणि कपड्यांसकट त्यांनी उडी मारली. साठी उलटलेला माणूस. तो गठ्ठा काखेत धरून ते पुढे गेले, दुसऱ्या हाताने त्यांनी भावोजींची कॉलर पकडली. "आता ओढ!"

मी ओढलं. दोघेही वर आले.

"मी तर नीट गुंडाळली होती," पाणी ओकून झाल्यावर भावोजी पुटपुटले.

"गुंडाळली की वळणावळणात पीळ बसतो," बाबा धापा टाकत म्हणाले. "फेकली की तो सुटायला बघतो आणि एक वळण दुसऱ्यात शिरतं. कोंबलेली असली की जशी आत गेली तशीच बाहेर येते." मग खाली बघत म्हणाले, "सकाळीच बघितलं होतं मी. परत कोंबणार होतो."

"मग?" ताईने विचारलं.

"जावईबापूंनी एवढ्या हौसेने केलेलं. म्हटलं, वाईट वाटेल त्यांना."

बाबा असं काही बोलतील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ताईने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"आणि पोरांना मी काय सांगितलं असतं, बाबा? की आजोबांना भीड पडली?"