कुंचल्याविना धरलेली शेंग

मी एक जुना कुंचला आहे. जन्मलो रंगकामासाठी, पण माळीणबाईंनी मला काचघरात आणलं आणि या फुलाचा पराग त्या फुलाला लावायच्या कामाला जुंपलं. मित्रांनो, बारा वर्षांत एकही फूल मी रिकामं राहू दिलं नाही. बाईंशिवाय मला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

बाहेरच्या मधमाशीने भलताच पराग आणला तर वाण बिघडेल, ही बाईंची धास्ती. म्हणून खिडक्या बंद आणि कळी दिसली की तिच्यावर जाळीची पिशवी. जाळी पुरली नाही तिथे कागदी. त्या वर्षी निळ्या फुलांच्या शेवटच्या दोनच कुंड्या उरल्या होत्या. बी धरलं नाही, तर वाण संपला.

आणि नेमकं ऐन बहरात बाईंचं मनगट मोडलं. काचघर नणंदेच्या हाती आलं. तिने खिडक्या सताड उघडल्या आणि हाताशी आल्या तेवढ्या पिशव्या काढून टाकल्या. मी पेल्यात उभा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटलं.

महिन्याने बाई आल्या, हात गळ्यात बांधलेला.

"अगं, काय करून ठेवलंस हे?"

"फुलांचा जीव गुदमरत होता, वहिनी," नणंद म्हणाली. "आधी शेंगा तर बघा."

उघड्या फुलांच्या शेंगा टम्म होत्या. ते मधमाश्यांचं काम. जाळीतून माशी शिरत नाही, पण वारा शिरतो. जाळी राहून गेलेल्या फुलांतही बी धरलं होतं, जरा कमी.

"पण यात भेसळ नाही कशावरून?" बाई पुटपुटल्या.

राहिली निळ्या फुलावरची एक कागदी पिशवी. तिथे ना माशी, ना वारा, ना मी. बाईंनी डाव्या हाताने ती सोडवली. आत एक बारकीशी शेंग होती.

"ही मात्र अस्सल," बाई म्हणाल्या. वाण वाचला होता.

आता माझी कबुली ऐका. सुकत आलेल्या फुलाचं पराग घेणारं मधलं टोक वाकतं, हे मी बारा वर्षं पाहत होतो. मला वाटायचं, म्हातारपण. तसं नव्हतं. ते आधी पाहुण्यांची वाट बघतं, आणि कुणीच फिरकलं नाही तर वाकून स्वतःचाच पराग टिपून घेतं.

मी अजून कामावर आहे, आणि काम चोखच करतो. काम झालं की मला धुऊन, केस वर करून ठेवत जा. आणि मित्रांनो, सुकलेलं फूल लगेच खुडू नका. त्याचं काम अजून चालू असेल.